परिचर्या शिक्षणात प्रसंगाधारित अध्यापन : प्रसूतिपश्चात रक्तस्रावाच्या एका प्रसंगाच्या अनुषंगाने

गोषवारा : परिचर्येच्या विद्यार्थ्यांना एखादी प्रक्रिया लिहिता येते आणि करूनही दाखवता येते. तरीही रुग्णाची प्रकृती बिघडत असल्याचे त्यांच्या वेळीच लक्षात येत नाही, किंवा लक्षात येऊनही ते बोलत नाहीत, असा अनुभव अध्यापकांना वारंवार येतो. प्रस्तुत लेखात प्रसंगाधारित अध्यापनाची संकल्पना, तिचा सैद्धांतिक आधार, प्रसंगाची रचना, प्रसंगोत्तर चर्चा आणि या पद्धतीच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. प्रसूतिपश्चात रक्तस्रावाचा एक प्रसंग उदाहरणादाखल घेतला असून, या पद्धतीचे यश महागड्या उपकरणांपेक्षा प्रसंगोत्तर चर्चेवर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : परिचर्या शिक्षण, प्रसंगाधारित अध्यापन, चिकित्सालयीन कौशल्ये, प्रसंगोत्तर चर्चा, प्रसूतिपश्चात रक्तस्राव

प्रस्तावना

प्रसूतिपश्चात रक्तस्राव हा प्रसूतिशास्त्र परिचर्येच्या परीक्षेतील नेहमीचा प्रश्न आहे. व्याख्या, कारणे, लक्षणे आणि उपचार अशा चार शीर्षकांखाली विद्यार्थी त्याचे उत्तर चांगले लिहितात. गर्भाशयाचे मर्दन कसे करावे असे प्रात्यक्षिक परीक्षेत विचारले असता ते सराव-पुतळ्यावर करूनही दाखवतात. मात्र प्रसूतिकक्षात एखाद्या बाळंतिणीची नाडी हळूहळू वाढू लागली, ती वारंवार पाणी मागू लागली, तर यांतील काही विद्यार्थी नाडीचा आकडा तक्त्यात नीटनेटका लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. त्यांना विषय येत नाही असे म्हणता येत नाही. पुस्तकातील 'लक्षणे' आणि समोरची स्त्री यांचा संबंध त्यांना त्या क्षणी जोडता येत नाही, एवढेच म्हणता येते.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तेव्हापासून रुग्णाची खाट हीच परिचर्येची खरी शाळा मानली गेली आहे. हे तत्त्व आजही योग्यच आहे. परंतु त्यात एक व्यावहारिक अडचण आहे. विद्यार्थ्याच्या नेमणुकीच्या काळात कोणता रुग्ण येईल हे कोणाच्या हाती नसते. एखादी विद्यार्थिनी प्रसूतिकक्षातील सर्व तास पूर्ण करूनही गंभीर रक्तस्राव एकदाही न पाहता बाहेर पडू शकते. तसा रुग्ण आलाच तर 'बाजूला व्हा' असे सांगून तिला मागे सारले जाते, आणि रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने ते बरोबरच असते. परिणामी जे प्रसंग सर्वांत धोक्याचे, त्यांचाच सराव सर्वांत कमी होतो. ही उणीव रुग्णाला धोका न पोहोचवता कशी भरून काढावी, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे प्रसंगाधारित अध्यापन होय.

संकल्पना व पूर्वपीठिका

प्रसंगाधारित अध्यापनात विद्यार्थ्यांसमोर एक घडत जाणारी, प्रत्यक्षासारखी परिस्थिती उभी केली जाते. त्यांनी आपल्या भूमिकेत राहून तिला प्रतिसाद द्यायचा असतो, त्यांच्या कृतीनुसार परिस्थिती सुधारते किंवा बिघडते आणि शेवटी घडलेल्या गोष्टींवर चर्चा होते. प्रात्यक्षिकात अध्यापक करतो आणि विद्यार्थी पाहतो. रुग्णवृत्त-अभ्यासात सर्व माहिती कागदावर एकत्र दिलेली असते आणि विचार करायला अवधी असतो. प्रसंगात मात्र माहिती तुकड्यातुकड्यांनी येते, काही माहिती विचारल्याशिवाय मिळतच नाही आणि घड्याळ चालू असते. हाच या पद्धतीचा विशेष आहे.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका प्रशिक्षण शाळेत १९११ मध्ये 'मिसेस चेस' नावाची मानवी आकाराची बाहुली आणली गेली. र्‍होड आयलंडमधील बाहुल्या तयार करणाऱ्या मार्था जेंकिन्स चेस यांनी ती बनवली होती. रुग्णाला उचलणे, कूस बदलणे, कपडे बदलणे अशा गोष्टी विद्यार्थिनी तिच्यावर शिकत. पुढे १९६० मध्ये नॉर्वेचे खेळणी-उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी कृत्रिम श्वसनाच्या सरावासाठी 'रिससी अ‍ॅन' हा पुतळा तयार केला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सालयीन परीक्षा, म्हणजे आज सर्वत्र 'ओस्की' या नावाने परिचित असलेली पद्धत मांडली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सत्र पद्धतीबरोबरच कौशल्य प्रयोगशाळा, अनुरूपण म्हणजेच सिम्युलेशन आणि ओस्की यांना स्पष्ट स्थान मिळाले आहे. तेव्हा ही पद्धत वापरावी की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. ती कशी वापरावी, एवढाच विचार करावयाचा आहे.

सैद्धांतिक आधार

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चिकित्सालयीन क्षमतेच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्या मोजते, तर प्रात्यक्षिक परीक्षा तिसरी. चौथी पायरी रुग्णकक्षातच दिसते. तिसऱ्या पायरीवरून चौथीवर जाताना विद्यार्थी अडखळतो, आणि प्रसंगाधारित अध्यापनाची जागा नेमकी या दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे.

हा अडखळा कशाचा असतो, याचे विश्लेषण क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या चिकित्सालयीन निर्णयाच्या प्रतिमानात सापडते. त्यांच्या मते परिचारिकेच्या निर्णयप्रक्रियेत लक्षात येणे, अर्थ लावणे, प्रतिसाद देणे आणि चिंतन करणे असे चार टप्पे असतात. आपल्या अध्यापनाचा भर प्रामुख्याने तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे प्रतिसादावर असतो. सलाईन कसे लावावे, मूत्रनलिका कशी घालावी, इंजेक्शन कसे द्यावे हे आपण बारकाईने शिकवतो. मात्र पहिला टप्पाच हुकला तर पुढचे सारे शिक्षण निरुपयोगी ठरते.

प्रसूतिपश्चात रक्तस्रावाच्या बाबतीत याला संशोधनाचा भक्कम पुरावा आहे. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ए.एन.एम. परिचारिकांच्या साहाय्याने झालेले मिसोप्रोस्टॉल या औषधाचे संशोधन २००६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या संशोधनासाठी रक्त मोजण्याची खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवीवजा चादर तयार करण्यात आली होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असे आढळले की, नजरेने केलेला रक्तस्रावाचा अंदाज या चादरीतील मोजमापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरतो. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत झालेल्या 'ई-मोटिव्ह' या संशोधनाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीने काम चालणाऱ्या रुग्णालयांत रक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्या, म्हणजे ५१ टक्के स्त्रियांचा रक्तस्राव ओळखला गेला. मोजमापाची चादर आणि ठरलेले उपचार एकत्रितपणे वापरणाऱ्या रुग्णालयांत हेच प्रमाण ९३ टक्के होते. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात ४.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १.६ टक्के आढळले. उपचार दोन्हीकडे परिचित होते. फरक पडला तो वेळीच लक्षात येण्याने आणि लक्षात येताच ठरलेले सर्व उपचार एकदम सुरू करण्याने. 'लक्षात येणे' ही शिकवण्याची गोष्ट आहे, असे म्हणण्यास यापेक्षा वेगळा आधार शोधण्याची आवश्यकता नाही.

प्रसंगाची रचना : एक उदाहरण

प्रसंग लिहिताना पहिले काम उद्दिष्टे ठरवण्याचे असते. एका प्रसंगात दोन किंवा तीन उद्दिष्टे पुरेशी होतात. सहाव्या सत्राच्या विद्यार्थ्यांसाठी प्रस्तुत लेखिका वापरत असलेल्या प्रसंगाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) बाळंतिणीच्या प्रकृतीतील बिघाड तक्त्यातील आकडे, रक्त आणि तिचे बोलणे यांवरून ओळखणे, (२) पहिल्या काही मिनिटांतील कृती योग्य क्रमाने करणे, (३) वरिष्ठांना नेमक्या शब्दांत कळवून मदत मागणे.

प्रसंग तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयातील रात्रीच्या ड्यूटीचा आहे. २६ वर्षांच्या स्त्रीची दुसरी प्रसूती ४० मिनिटांपूर्वी नैसर्गिकपणे झाली आहे. ड्यूटीवरील सिस्टरची भूमिका एक सहकारी अध्यापिका करते. ती विद्यार्थ्यांना सांगते, "सगळं नॉर्मल आहे. वार पूर्ण पडली, ऑक्सिटोसिन दिलंय. मी बाळाकडे जाते, तुम्ही फक्त बी.पी. लिहून ठेवा." यानंतर ती निघून जाते. खाटेजवळ सासूच्या भूमिकेत एक विद्यार्थिनी बसलेली असते.

पहिल्या चार मिनिटांत नाडी ९२ व रक्तदाब ११६/७४ असतो. सासू म्हणते, "अहो सिस्टर, सूनबाईचं तोंड सुकलंय, सारखं पाणी मागते." पांघरूण उचलून पाहिल्याशिवाय मॅकिंटॉशवर साचलेले सुमारे ३०० मिलिलीटर रक्त दिसत नाही. पुढील चार मिनिटांत नाडी ११२ होते, रक्तदाब १०८/७० म्हणजे वरवर पाहता ठीकच राहतो, आणि हातपाय गार पडू लागतात. तरीही कोणी काही केले नाही, तर तिसऱ्या टप्प्यात नाडी १३२ व रक्तदाब ८६/५४ होतो आणि स्त्री असंबद्ध बोलू लागते. सरावासाठी काळ आटवलेला असतो. प्रत्यक्षात या बदलांना अधिक वेळ लागू शकतो, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेले असते.

यातील मधला टप्पा मुद्दाम रचलेला आहे. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढलेले असल्याने निरोगी बाळंतिणीचे शरीर बराच काळ रक्तदाब सावरून धरते. नाडी आधी वाढते, रक्तदाब उशिरा कोसळतो. ज्या विद्यार्थ्याची नजर केवळ रक्तदाबावर असते, तो या टप्प्यावर निश्चिंत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील मार्गदर्शक तत्त्वांनीही योनिमार्गे प्रसूतीनंतर ५०० मिलिलीटरची वाट न पाहता, ३०० मिलिलीटर रक्तस्राव आणि नाडी किंवा रक्तदाबातील बिघाड एकत्र दिसताच उपचार सुरू करावेत, असे सांगितले आहे. आपल्या प्रसंगातील दुसरा टप्पा नेमका तोच आहे.

विद्यार्थ्यांनी पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ लागते आणि मूत्राशय भरलेले असल्याचे कळते. त्यांनी मदतीसाठी हाक मारली, मर्दन केले, मूत्राशय रिकामे केले, शिरेतून द्रव सुरू केले आणि ऑक्सिटोसिन, तसेच ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड यांबाबत आदेश मागितला, तर नाडी उतरू लागते. वार पूर्ण पडली आहे का व कोठे फाटले आहे का, हे पुन्हा पाहण्याचे कोणी सुचवले तर त्याची स्वतंत्र नोंद घेतली जाते. कोणत्या कृतीनंतर कोणता आकडा सांगायचा, याचा तक्ता अध्यापकाच्या हाती असतो.

साहित्याची जमवाजमव अवघड नाही. बाळंतिणीची भूमिका करणाऱ्या व्यक्तीच्या कमरेला बांधावयाचे 'मामा नॅटली' हे उपकरण उपलब्ध असल्यास उत्तमच. नसल्यास कापडाखाली ठेवलेला स्पंजचा गोळा सैल गर्भाशयाचे आणि टणक रबरी चेंडू आकसलेल्या गर्भाशयाचे काम करतो. पाण्यात तांबडा रंग आणि थोडी मक्याची पिठी मिसळून शिजवल्यास रक्तासारखा दाट द्रव तयार होतो. तो मात्र मापाच्या भांड्याने मोजूनच ओतावा, कारण ३०० मिलिलीटर रक्त चादरीवर कसे दिसते हे पाहणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

पूर्वसूचना

प्रसंगापूर्वीची दहा मिनिटे वाया गेलेली नसतात. खोली, साहित्य, प्रत्येकाची भूमिका आणि मदत कशी मागायची हे या वेळी सांगावे. प्रसंगाला गुण नाहीत, येथे घडलेले येथेच राहील आणि येथे चुकणे अपेक्षित आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. आपल्या विद्यार्थ्यांची शालेय वाटचाल चूक म्हणजे अपमान या समजुतीत झालेली असते, त्यामुळे हे एकदा सांगून भागत नाही. अध्यापकाच्या वागण्यातून त्याची खात्री पटावी लागते.

प्रसंगोत्तर चर्चा

प्रसंग १२ ते १५ मिनिटांचा असल्यास त्यानंतरच्या चर्चेला त्याच्या किमान दुप्पट वेळ द्यावा. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभवाधिष्ठित अध्ययनाच्या सिद्धांतानुसार अनुभवाचे ज्ञानात रूपांतर चिंतनाशिवाय होत नाही. पामेला जेफ्रीज यांच्या २००५ मधील परिचर्या अनुरूपणाच्या आराखड्यातही या चर्चेला महत्त्वाचे स्थान आहे. तथापि आपल्याकडे वेळ अपुरा पडला की सर्वप्रथम कात्री लागते ती याच भागाला.

या ठिकाणी प्रस्तुत लेखिकेने स्वतः केलेल्या चुकीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. हा प्रसंग पहिल्यांदा घेतला, तेव्हा तो संपताच हातातील यादी वाचून दाखवली गेली : पांघरूण उचलले नाही, नाडीकडे दुर्लक्ष केले, उशिरा हाक मारली. यादीतील प्रत्येक शब्द खरा होता. विद्यार्थी खाली मान घालून ऐकत राहिले आणि 'हो मॅडम' एवढेच म्हणाले. पुढच्या गटाला आतली बातमी कळलेली होती. त्यांनी खोलीत शिरताच पांघरूण उचलले, मर्दन केले आणि पाठ केलेला क्रम बिनचूक पार पाडला. त्या दिवशी कौशल्य प्रयोगशाळेत आणखी एक तोंडी परीक्षा झाली होती, शिक्षण झाले नव्हते.

पुढील वर्षी यादी बाजूला ठेवून केवळ प्रश्न विचारावयाचे ठरवले. पाच जणांच्या एका गटातील एका विद्यार्थिनीने दुसऱ्या मिनिटालाच पांघरूण किंचित उचलून पाहिले होते आणि पुन्हा खाली सोडले होते. यादीच्या भाषेत ही अक्षम्य चूक ठरली असती. "तू पांघरूण उचललंस, तेव्हा तुझ्या मनात काय आलं?" असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, रक्त जास्त आहे असं मला वाटलं होतं. पण सिस्टर आताच सगळं नॉर्मल आहे म्हणून गेल्या होत्या. त्यांना परत बोलवलं आणि काही नसलं, तर त्या रागावतील असं वाटलं."

तिच्या लक्षात आले होते आणि तिने अर्थही बरोबर लावला होता. ती अडली होती रुग्णालयातील उतरंडीपाशी. मर्दनाचा सराव आणखी दहा वेळा करून घेतला असता, तरी ही अडचण दूर झाली नसती, आणि न विचारता ती आपल्याला कळलीही नसती. मग चर्चेला वेगळेच वळण लागले. इतरांनीही आपापल्या नेमणुकीतील असेच अनुभव सांगितले. शेवटी गटापुढे प्रश्न ठेवला : सिस्टरचा मान राखून, पण वेळ न दवडता, हे कसे सांगता येईल? बऱ्याच खटपटीनंतर त्यांनीच एक वाक्य तयार केले, "सिस्टर, पिशवी मऊ लागतेय आणि नाडी ११२ झालीय. तुम्ही आत्ताच्या आत्ता एकदा हात लावून बघा." लगेच तोच प्रसंग पुन्हा घेण्यात आला आणि त्याच विद्यार्थिनीने ते वाक्य मोठ्या आवाजात उच्चारले. एका गटाच्या अनुभवाला संशोधनाचा निष्कर्ष म्हणता येणार नाही. परंतु चर्चेविना प्रसंग अपुरा का राहतो, हे त्यावरून समजावे.

वरिष्ठांना कळवण्यासाठी 'एसबार' ही चौकट उपयुक्त ठरते. अमेरिकी नौदलात उगम पावलेल्या या पद्धतीत परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आपली मागणी अशा चार गोष्टी क्रमाने सांगावयाच्या असतात. "सर, पेशंट बरी नाही, तुम्ही येता का?" हे फोनवरचे वाक्य डॉक्टरांना काहीच सांगत नाही. "सर, प्रसूतिकक्षातून बोलतेय. बाळंतिणीला रक्तस्राव होतोय, नाडी ११२ आहे. चाळीस मिनिटांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झालीय, ऑक्सिटोसिन दिलेलं आहे. पिशवी सैल आहे, रक्त ३०० मिलिलीटरच्या वर गेलंय. प्रसूतिपश्चात रक्तस्राव वाटतोय, तुम्ही लगेच या," हे वाक्य बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही. मात्र शेवटच्या दोन गोष्टी, म्हणजे स्वतःचा अंदाज आणि स्वतःची मागणी, उच्चारताना विद्यार्थ्यांची जीभ अडखळते, आणि खरा सराव त्याचाच हवा असतो.

चर्चेची सर्वसाधारण दिशा अशी ठेवता येईल : प्रथम भावना मोकळ्या होऊ द्याव्यात, मग काय घडले याचे वर्णन विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे, त्यानंतर तसे का घडले याचा शोध घ्यावा, आणि शेवटी उद्या रुग्णकक्षात प्रत्येक जण कोणती एक गोष्ट वेगळी करणार आहे, हे विचारावे. अध्यापकाने प्रश्न विचारल्यावर गप्प राहण्याची सवय लावून घ्यावी. ही सवय आपल्याला सहजासहजी लागत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मूल्यमापन

शिकण्यासाठी घेतलेला प्रसंग आणि परीक्षेसाठी घेतलेला प्रसंग वेगवेगळे ठेवावेत. ज्या खोलीत गुण दिले जातात, तेथे 'मी घाबरले' असे कोणी सांगत नाही. प्रगतीची नोंद ठेवावयाची असल्यास कॅथी लसॅटर यांनी २००७ मध्ये टॅनर यांच्या चार टप्प्यांवर आधारित विकसित केलेली श्रेणीपट्टी उपयोगी पडते. तीत प्रत्येक घटकासाठी प्रारंभिक ते आदर्श अशा चार पातळ्यांचे वर्णन आहे. त्यामुळे विद्यार्थ्याला '१० पैकी ६' याऐवजी आपण नेमके कोठे आहोत हे समजते. प्रक्रियांच्या अचूकतेची अंतिम तपासणी ओस्कीमधून स्वतंत्रपणे करावी.

मर्यादा व दक्षता

या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा वेळेची व मनुष्यबळाची आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पाच-पाच जणांचे गट केल्यास एकच प्रसंग बारा वेळा घ्यावा लागतो. यावर उपाय म्हणून एका वेळी पाच जण प्रसंगात आणि दहा जण निरीक्षक, अशी रचना करता येते. मात्र निरीक्षकांना निश्चित काम द्यावे. एकाने केवळ संवाद टिपावेत, एकाने प्रत्येक कृतीची वेळ लिहावी, एकाने बाळंतिणीशी कोण बोलले एवढेच पाहावे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा शिक्षणसंस्थांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. चिकित्सालयीन तासांपैकी निम्म्यापर्यंत तास अनुरूपणाने भरून काढले, तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात व क्षमतेत लक्षणीय फरक पडत नाही, असे त्यात आढळले. हा निष्कर्ष अर्धवट उद्धृत होण्याचा धोका आहे. त्या अभ्यासातील अध्यापकांना अनुरूपणाचे व प्रसंगोत्तर चर्चेचे औपचारिक प्रशिक्षण दिलेले होते आणि साधनसामग्री पुरेशी होती. तशी व्यवस्था नसताना, केवळ रुग्ण कमी आहेत म्हणून रुग्णकक्षातील तास कमी करण्यास या अभ्यासाचा आधार घेता येणार नाही. रंगीत पाण्याला रक्ताचा वास नसतो. खरी बाळंतीण हात घट्ट धरून 'मला काही होणार नाही ना?' असे विचारते, तेव्हा द्यावयाचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नसते. प्रसंगाने विद्यार्थ्याला रुग्णकक्षासाठी तयार करावे, त्याला तेथून दूर ठेवू नये.

तिसरी दक्षता प्रसंगाच्या आशयाबाबत आहे. विद्यार्थ्यांना फसवण्यासाठी चकवे पेरू नयेत. नवख्या विद्यार्थ्यांच्या प्रसंगात रुग्णाचा मृत्यू दाखवू नये. एखाद्या विद्यार्थिनीच्या घरात अशी घटना घडलेली असू शकते, याचे भान ठेवून प्रसंगातून बाहेर पडण्याची मुभा प्रत्येकाला द्यावी.

अन्य विद्याशाखांच्या संदर्भात

या पद्धतीचे तत्त्व परिचर्येपुरते मर्यादित नाही. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेले सूक्ष्म अध्यापन परिचित आहे. शिकवणे, प्रत्याभरण, पुन्हा शिकवणे हे त्याचे चक्र प्रसंगाधारित अध्यापनाशी जवळचे नाते सांगते. विधी महाविद्यालयातील अभिरूप न्यायालय आणि समाजकार्य महाविद्यालयातील भूमिकापालन हीदेखील त्याच कुळातील होत. ज्या विद्याशाखेत पदवीनंतर विद्यार्थ्याला अपुऱ्या माहितीवर, वेळेच्या दडपणाखाली निर्णय घ्यावा लागतो, त्या प्रत्येक ठिकाणी ही पद्धत विचारात घेण्याजोगी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. चिकित्सालयीन कौशल्य म्हणजे केवळ हाताचे कौशल्य नव्हे; लक्षात येणे, अर्थ लावणे आणि वेळीच बोलणे यांचाही त्यात समावेश होतो. या गोष्टी व्याख्यानाने किंवा प्रात्यक्षिकाने पुरेशा शिकवता येत नाहीत; त्यांसाठी घडत जाणारा प्रसंग लागतो. प्रसंगाचे मोल त्यानंतरच्या चर्चेवर ठरते, आणि चर्चेसाठी सराव-पुतळ्यापेक्षा ऐकून घेणारा अध्यापक अधिक आवश्यक असतो. म्हणून महाविद्यालयांनी कौशल्य प्रयोगशाळेसाठी उपकरणांची खरेदी करताना अध्यापकांच्या प्रसंगोत्तर चर्चेच्या प्रशिक्षणाची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी, वेळापत्रकात चर्चेचा तास स्वतंत्रपणे दाखवावा आणि संलग्न रुग्णालयातील सिस्टर व डॉक्टर यांनाही अशा प्रसंगांत सहभागी करून घ्यावे. पांघरूण उचलून पाहणाऱ्या विद्यार्थिनीला उद्या खऱ्या रुग्णकक्षात हाक मारावयाची आहे. तिची हाक ऐकून घेणारी वरिष्ठ मंडळीही तयार करावी लागतील, आणि हे काम एकट्या परिचर्या महाविद्यालयाचे नाही.